टैमबाई

टैमबाईने मला "कशी आहेस?" असं कधी विचारलं नाही. कोणालाच विचारत नसे. आमच्या ओसरीच्या पायरीपाशी येऊन छत्री जमिनीवर टेकवायची आणि पहिला प्रश्न टाकायची, "टैम काय झाला?" तिच्या स्वतःच्या मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ असे, त्यामुळे तिला वेळ ठाऊक नव्हती असं नाही. मला ठाऊक आहे की नाही, हे तिला पाहायचं असे. उत्तर चुकलं की पुढचा अर्धा तास आमच्या खानदानाचा उद्धार होई. बरोबर आलं तरी तो होईच, फक्त थोडा उशिरा सुरू होई. ते घड्याळ कायम पुढे असायचं. कोणी तसं म्हटलं की ती म्हणे, "घड्याय बरोबर हाये. तुमचं गाव मांग हाये."

ती आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातली नर्स होती. तिला खरं नाव होतं आणि ते चांगलं होतं, पण गावाने कधी वापरलं नाही, म्हणून मीही इथे वापरत नाही. आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो तेव्हा अकोल्यातच मोडायचा. इंझोरीकडून कारंज्याला येताना लागणाऱ्या एका लहानशा गावात मी लग्न होऊन आले होते. माझं माहेर कारंजा, वडील तिथे धान्याच्या अडतीत मुनीम, आणि मी मॅट्रिक पास. सासरच्या लोकांनी माझं मॅट्रिक लग्नात कौतुकाने सांगितलं आणि लग्नानंतर माफ केलं.

मुलगी झाली आणि वर्षभरात माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं. सकाळी मी ठणठणीत असे. दुपार कलली की पापण्या आपोआप खाली यायच्या. संध्याकाळी एका कंदिलाचे दोन कंदील दिसायचे. भाकरीचे चार घास चावले की जबडा दुखायचा नाही, पण थांबायचा, जणू त्याची पाळी संपली. आवाज नाकातून येऊ लागला. माझ्या सासूचं, म्हणजे आत्याबाईंचं, निदान तयारच होतं. "सकायी बरी असते. सांजच्याले भांडे दिसले की डोये मिटते." निरीक्षण म्हणून ते अगदी अचूक होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. भगत झाला, अंगारा झाला, डोळ्यांत कसलासा रस घालून झाला. शेवटी माझ्या वडिलांनी मला नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात माझ्या पापण्या नाटकाच्या पडद्यासारख्या वर गेल्या. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना बोलावलं, त्यांनी माना हलवल्या, सगळ्यांना फार आनंद झाला. आजाराचं नाव मायस्थेनिया. स्नायू लवकर थकतात, गोळ्या जन्मभर. हे सगळं मला इंग्रजीमिश्रित मराठीत, चालता चालता सांगितलं गेलं आणि सोबत आमच्या दवाखान्याच्या नावाने एक चिठ्ठी दिली, की रुग्णाला नीट समजावून सांगावे.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि टैमबाईच्या हातात दिली. टैमबाईने असा पेशंट जन्मात पाहिला नव्हता. पण "मले नाई मालूम" हे वाक्य तिच्या तोंडाला कधी जमलंच नाही. रजा काढून ती नागपूरला बहिणीकडे गेली, त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरच्या मागे दोन दिवस उभी राहिली, आणि मूठभर माहिती घेऊन परत आली. ती मूठभर माहिती तिने मला पुढची काही वर्षं अशी सांगितली, की हा आजार तिनेच शोधला असावा.

पहिल्याच दिवशी ती कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, मानेवर पावडरचे पट्टे घेऊन आली आणि ओसरीवर पाय ठेवू लागली. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "नरसबाई, अठूनच सांगा काय सांगाचं थे." टैमबाई बौद्ध होती. तिचे वडील कारंज्याच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. पोरीला त्यांनी नागपूरला ठेवून नर्सिंग शिकवलं होतं. आमचं कुणब्याचं घर. त्याच हाताने तिने माझ्या दंडात सुई टोचलेली चालायची. सुई आत जाऊन रक्तात मिसळायची, त्याला कोणाची हरकत नव्हती. ती स्वतः मात्र पायरीच्या वर आलेली चालत नव्हती. टैमबाईने एकदा दाराकडे पाहिलं, पाऊल मागे घेतलं, पिशवीतून स्वतःचा पितळी ग्लास आणि पाण्याची बाटली काढली, घटाघटा आवाज करत पाणी प्यायली, आणि मग अंगणात उभी राहून जे बोलायला लागली ते तिसऱ्या आळीपर्यंत ऐकू गेलं. आमच्या घराने तिला आत घेतलं नाही, म्हणून अख्ख्या गल्लीला मायस्थेनिया शिकावा लागला.

ती पेशंटला आजाराच्या नावाने हाक मारायची. "मायस्थेनिया हाये का घरी?" असं ती लांबूनच ओरडत यायची. शेजारणींना ते 'मास्तरीण' ऐकू आलं. मॅट्रिक पास आहेच, म्हणजे हिला शाळेत नोकरी लागली आणि सरकारी बाई चौकशीला येतात, अशी बातमी पसरली. महिनाभर दोघी-तिघींनी आपली पोरं माझ्याकडे पाढे म्हणायला पाठवली. मी त्यांना शिकवलं. संध्याकाळ झाली की डोळे मिटून शिकवलं.

गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, म्हणजे गिळायला ताकद येते, हे तिचं पहिलं कलम. "गोयी पहिले, घास मागून. घास पहिले आन गोयी मागून घेशीन, तं गोयी घशातच बसून तुह्या घासाची वाट पाहीन." आमच्या घरात घड्याळ नव्हतं. मी म्हटलं, सकाळची मोटार जाते तेव्हा घेईन. त्यावर ती इतकी हसली की छत्री पडली. "एसटीच्या भरवशावर जगाचं ठरवलं काय वं? ज्या दिवशी टायर फुटन त्या दिवशी तू उपाशी?" माझ्या वडिलांनी कारंज्याहून गजराचं घड्याळ पाठवलं. आत्याबाईंना तो व्याह्याने केलेला अपमान वाटला. त्यांनी ते घड्याळ धान्याच्या कोठीमागे ठेवलं, तिथून ते आणखी मोठ्याने वाजू लागलं. एक गोळी चुकली म्हणून दोन घेऊ नकोस, हे दुसरं कलम. मी एकदा दोन घेतल्या. पोटात अशी कळ आली आणि तोंडाला इतकं पाणी सुटलं, की मला वाटलं आता संपलं. टैमबाईला कळलं तेव्हा तिने सहानुभूती म्हणून एवढंच सांगितलं, "बरं झालं. आता जल्मभर याद राहीन."

तिच्या शिकवण्यात खरं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे ओळखणं कठीण होतं. ताठ बसून जेव, घास लहान घे, गिळताना हनुवटी छातीकडे ने, जेवताना बोलू नकोस, हे सगळं खरं होतं. पण त्याच दमात ती म्हणाली, "वांगं बिलकुल बंद." वऱ्हाडात राहून वांगं बंद म्हणजे काय, ते वऱ्हाडी माणसालाच कळेल. मी दोन वर्षं वांग्याला शिवले नाही. पुढे नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते बुचकळ्यात पडले. टैमबाईला जाब विचारला, तेव्हा ती जराही न ओशाळता म्हणाली, "मले आवडत नाई वांगं. आन तू कोनती मेली त्याच्याबिगर?"

रडण्याबद्दलही तिचा नियम होता. मी तेव्हा फार रडत असे. रडलं की पापण्या अधिकच गळायच्या आणि श्वासही उथळ व्हायचा. ते पाहून तिने फर्मान काढलं. "रडाचं असन तं सकायी रड. गोयी घेतल्यावर, आराम करून. सांजच्याले रडाची ताकद तुह्यापाशी नाई." मला वाटलं ती थट्टा करते आहे. तिचा चेहरा पाहिला तर ती अगदी गंभीर होती. मी काही दिवस खरोखर सकाळी रडायला बसले. सकाळी गोठ्यातलं शेण, चुलीचा धूर, पोरीची आंघोळ. त्यात रडायला सवड कुठली? असं करत करत माझं रडणं कमी झालं. पण तिला मी ते सांगितलं नाही. आधीच तिला स्वतःचं कौतुक कमी नव्हतं.

माझ्या श्वासाची तिला काळजी होती, पण काळजी हा शब्द तिने वापरला नसता. ती म्हणे, "एका दमात गावं म्हन." मोटारीच्या रस्त्यावरची गावं मला न थांबता म्हणायची असत. मानोरा, इंझोरी, कारंजा, कामरगाव, धनज, बडनेरा, अमरावती. "कामरगावच्या पुढे गेली तं चांगलं. कारंज्यातच अडकली तं मले बलावणं धाड. आन मानोऱ्यातच गाडी बसली, तं कोनाची वाट पाहू नका, सीधे नागपूर." गल्लीतल्या पोरांना हा खेळ फार आवडला. ती सगळी एका दमात अमरावतीला पोचायची. मी बरेच दिवस कामरगावात उतरायची.

हे सगळं चाललेलं असताना घरात दुसरं काहीतरी शिजत होतं. आत्याबाईंना नातू हवा होता आणि काम करणारी सून हवी होती. माझ्याकडून दोन्हींची आशा नव्हती. मानोऱ्याकडची त्यांच्या भावाची मुलगी त्यांनी मनात धरली होती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आईला हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांचा स्वभावच तसा. पाऊस येईल का विचारलं तरी ते आधी आईकडे पाहायचे. एके दिवशी आत्याबाईंनी टैमबाईलाच ऐकवलं, की ही अशी झोपाळू. पोराचं दुसरं लगन करावं म्हणतो. मी दाराआड होते.

टैमबाई म्हणाली, "करा ना. दुसरी आली की पहिलीच्या गोयीचा टैम थे पाहीन. पन तिचे बी डोये मिटले, तं तिसरी कोठून आनसान थे आताच पाहून ठेवा." मग तिने यांना हाक मारली. "ओ पाटील, अठी या. दोन लोटे भरून आना पान्याचे." हे आईकडे पाहू लागले. "आईकडे काय पाह्यता, लोटे आना!" तिने त्यांना अंगणात उभं केलं, दोन्ही हातांत भरलेले लोटे दिले आणि हात आडवे ताणायला लावले. मग ती निवांतपणे माझ्याशी बोलू लागली, पोरीचं वजन, गावातलं पाणी, तिच्या साडीला लागलेला चिखल. गल्ली जमली. यांचे हात थरथरू लागले, पाणी सांडू लागलं. हे म्हणाले, "बाई, होत नाई आता." ती म्हणाली, "काहून? धडधाकट मानूस, दोन लोटे पेलत नाई? कामचोर हा काय?" थोड्या वेळाने लोटे खाली पडले. तेव्हा ती त्यांच्या जवळ गेली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "हिचं असंच होते. पोयी चावतांनी होते, डोये उघडे ठेवतांनी होते. तुमी लोटे खाली ठेवू शकले. हिनं काय खाली ठेवाचं?"

त्या रात्री यांनी आपलं ताट स्वतः धुतलं. आत्याबाईंनी ते पुन्हा धुतलं. पण मानोऱ्याची बोलणी थांबली नाहीत.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी त्यांचं मोठं प्रस्थ, पाहुण्यांनी घर भरलेलं. पहाटेपासून मी चुलीपुढे होते. नैवेद्याआधी घरातल्या बाईने तोंडात काही घालायचं नाही, आणि गोळी हे खाणंच असं आत्याबाईंनी ठरवून टाकलं. कोठीमागे गजर वाजला, तो कोणीतरी बंद केला. तिसऱ्या प्रहरी पंगत बसली तेव्हा माझा जबडा लोंबत होता. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून मी पुरणपोळीचा घास घेतला. तो खाली गेला नाही. वरही आला नाही. तुपाची धार नाकातून आली, एवढं मला आठवतं, आणि श्वास घ्यायला गेले तर छाती हललीच नाही.

पाहुण्या बायकांनी जे करू नये ते सगळं एकदम सुरू केलं. एकीने पाण्याचा लोटा तोंडाला लावला, दुसरीने मला आडवं पाडायला धरलं, तिसरी म्हणाली देवीचा कोप. आणि मग मी आत्याबाईंचा आवाज ऐकला. "पानी पाजू नका! आडवी पाडू नका! बसवा तिले, मान खाली करा! टैम काय झाला?" शब्द टैमबाईचे होते, चालही तिचीच. आत्याबाईंनी मला पुढे वाकवलं, तोंडात बोट घालून तो घास ओढून काढला आणि माझी हनुवटी हातात धरून खेकसल्या, "गावं म्हन!" मी म्हटलं, "मानोरा." त्यापुढे काही आलं नाही. आत्याबाई यांच्याकडे वळल्या. "आयकून काय राह्यला? गाडी जुंप. नागपूर."

दवाखान्यावरून जाताना टैमबाईला घेतलं. कारंज्यापासून एका व्यापाऱ्याची जीप मिळाली. नागपूरपर्यंत तिने माझी मान आपल्या हातावर धरली होती, आणि तोंडाने ती ड्रायव्हरला, रस्त्याला, महालक्ष्म्यांना आणि मला सारख्याच मायेने शिव्या देत होती. मी त्यातून वाचले. बरेच दिवस नागपूरला राहून परत आले. गल्लीने आत्याबाईंचं कौतुक केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्या काय त्या नरसबाईचं आयकून नाई केलं. मले आपसूकच सुचलं." महिनोन् महिने दाराआड उभं राहून त्यांना आपसूक किती सुचलं असेल!

त्यानंतर आमच्या घरात मोठी सुधारणा झाली. टैमबाई आली की तिच्यासाठी ओसरीवर पाट टाकला जाऊ लागला. ओसरीवर, आत नाही. ती पहिल्यांदा पाटाकडे बघत उभीच राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "बसा ना." टैमबाई म्हणाली, "उभीच बरी मी. मी गेल्यावर तुमाले पाट धुवा लागन, आन या वयात तुमची कंबर भरन. मंग थेबी मलेच पाहा लागन." पाट तसाच पडून राहिला, दर वेळी टाकला जाई आणि दर वेळी रिकामा उचलला जाई.

पुढे आणीबाणीची वर्षं आली आणि नसबंदीच्या कॅम्पचे हुकूम सुटले. नर्सांना माणसं आणायला सांगितलं होतं. टैमबाई या कामातही मागे राहणारी नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. ती कोणी संतीण नव्हती. तिची पांढरी साडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, दिसली की बाप्ये कडब्याच्या गंजीत शिरायचे. ती गंजीला छत्रीने टोचत फिरायची. एका म्हाताऱ्याला तिने एवढं घाबरवलं, की तो आठवडाभर लेकीच्या गावी जाऊन राहिला. लोक तिला घाबरत, शिव्या देत, आणि रात्री पोराला ताप आला की तिच्याच दाराशी जात.

मला दुसरं मूल सध्या नको, जिवाला धोका आहे, हे तिनेच यांना बजावलं होतं. कॅम्पच्या शेवटच्या दिवशी यांनी मला बैलगाडीत घातलं आणि कॅम्प जिथे भरला होता त्या शाळेत नेऊन उभं केलं. बाईंचं ऐकलं, आता बाई खूश होतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. टैमबाई दारात होती. तिची त्या दिवशीची माणसं कमी पडली होती आणि बाहेरून आलेले कॅम्पचे डॉक्टर तिला सगळ्यांदेखत बोलत होते. मला पाहून ते म्हणाले, "ही आली ना एक. घ्या आत."

"हिले नाई," टैमबाई म्हणाली.

"का? एक मूल आहे, नवरा तयार आहे."

"हिले भूल देता येत नाई. हिचे स्नायू थकतात. श्वास बंद पडन."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाई. म्हून तं म्हनतो, तुमी डाक्टर हा, तुमीच लिहून द्या. हिले झोपवतो आन मीच उठवतो, असं लिहा, सही करा, आन न्या मंग." पुढे तिने जे सांगितलं ते साफ खोटं होतं. नागपूरचे मोठे साहेब माझ्या आजारावर पुस्तक लिहितात, दर महिन्याला माझी चौकशी करतात, आणि मला काही झालं तर त्यांची मोटार थेट या शाळेपुढे येऊन उभी राहील, असं तिने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पापण्यांनी त्या दुपारी तिला उत्तम साथ दिली.

"मग तुझा आकडा कसा भरणार?" डॉक्टर म्हणाले. "वर काय सांगू मी?"

ती गप्प उभी राहिली. तिला गप्प पाहण्याची मला सवय नव्हती. आणि तेवढ्यात आमचे हे, ज्यांनी आयुष्यात आईला विचारल्याशिवाय बैलही बदलला नव्हता, खाकरून म्हणाले, "मंग माहीच करून टाका."

टैमबाई त्यांच्यावर ओरडली. "समजून बोलून राह्यला का? पुन्हा पोट्टं होनार नाई. आईले काय सांगसान?"

हे जमिनीकडे पाहत म्हणाले, "काही नाई सांगत. हिचं तं खाली ठेवता येत नाई ना. माह्यं जमते." आणि आत गेले.

परतताना गाडी मी हाकली. हे मागे कडब्यावर पडून होते. मला तेवढं सुख त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही फारसं झालं नाही.

मानोऱ्याची बोलणी त्याच आठवड्यात संपली. आता तिथे मुलगी मागून उपयोग नव्हता. आत्याबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "माह्या एकुलत्या एका पोराले त्या बाईनं कापलं!" आम्ही दोघांनी खरं काय ते सांगितलं. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांचा एक भाचा अकोल्याला कचेरीत होता. त्या स्वतः मोटारीत बसून त्याच्याकडे गेल्या आणि टैमबाईच्या नावाने तक्रार करून आल्या. ज्या बाईचे शब्द वापरून त्यांनी मला वाचवलं, तिची बदली करून आणायला त्यांना काही वाटलं नाही. आणि परत आल्यावर माझी गोळी चुकली का, तेही त्यांनी लगेच विचारलं. माणसाच्या पोटात इतकं सगळं एकत्र कसं राहतं, हे मला नागपूरच्या कोणत्या डॉक्टरने सांगितलं नाही.

बदली लांबच्या तालुक्यात झाली. निघायच्या दिवशी टैमबाई अंगणात आली, पायरीशी थांबली. मी रडायला लागले तर म्हणाली, "दुपार हाये. पूस." यांना म्हणाली, "पाटील, तुमी कामाचे निंघाले." आत्याबाई दारात आल्या नाहीत. टैमबाईने आतल्या अंधाराकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "बुडीमाय, हिचा घास अडकला तं वाट पाहू नका. बोट तुमचं चांगलं चालते." ती गेली. पाट त्या दिवशी टाकला नव्हता, तो आत्याबाईंनी ती गेल्यावर बाहेर आणून टाकला आणि स्वतःच त्यावर बसून राहिल्या.

वर्षं गेली. आत्याबाई गेल्या, पोरगी शिकून नोकरीला लागली, माझ्या गोळ्या कमी-जास्त होत चालूच राहिल्या. मग एकदा कारंज्याच्या मोटार स्टँडवर मी इंझोरीकडच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते, हातात चहाचा कप. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. केस पांढरे, साडी साधी, पण मानेवर पावडरचे पट्टे. मी ओळखलं. मी तिचा हात धरला आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. आमचं गाव, अंगण, लोटे, महालक्ष्म्या, जीप, कॅम्प.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली. "नाई आठवत, माय."

मी पुन्हा सांगितलं. माझ्या यजमानांचं नाव घेऊन सांगितलं, जे मी सहसा घेत नाही.

"लय पेशंट होते वं," ती म्हणाली. "कोनाकोनाले याद ठेवू? जित्ती हायेस ना? मंग चांगलंच शिकवलं असन म्या."

मला राग आला. माझं सगळं आयुष्य त्या बाईने वळवलं आणि तिच्या लेखी मी गर्दीतली एक होते. ती मात्र माझ्याकडे निरखून पाहत राहिली. हळूहळू तिचे डोळे बारीक झाले आणि मांडीवर चापटी मारून ती एकदम ओरडली, "आता आठवली! शुगरवाली तू! कामरगावची! आन हे काय वं, चहा? साखर टाकलेला? किती डाव सांगतलं तुले? पाय कापा लागन, पाय!" स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. कंडक्टरसुद्धा थांबला.

मला साखरेचा आजार तेव्हा नव्हता, आजही नाही. मी मुकाट्याने उठले आणि तो चहा बाकामागे ओतून दिला.